लहान मुलांसाठी टूथपेस्ट कोणती घ्यावी?

निशिगंधा_त
लेक सव्वादोन वर्षांची आहे. अगदी मागच्या दाढा सोडल्या तर सगळे दात आलेत. आतापर्यंत नुसत्या ओल्या ब्रशने घासत होते, आता पेस्ट सुरू करायची आहे. दुकानात गेले तर मुलांच्या पेस्टचा अख्खा कप्पा. एकीवर ०-२ वर्षे, दुसरीवर ३-५, तिसरीवर फक्त कार्टून. कुठे 'फ्लोराइड नाही' हे मोठ्या अक्षरांत मिरवलंय, तर कुठे फ्लोराइड आहे म्हणून घ्या असं लिहिलंय. दोन्ही कसं चांगलं असेल?

लेकीला अजून थुंकता येत नाही, तोंडात गेलेलं सगळं गिळते. सासूबाई म्हणतात पाच वर्षांपर्यंत पेस्टची गरजच नाही. आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो, पाणी महापालिकेचं. तुम्ही मुलांना काय वापरता, कधीपासून, आणि का? ब्रँडपेक्षा निवडायचं कशावरून ते कळलं तर जास्त बरं.

पाणकळा
वाचतोय. आमचे चिरंजीव स्ट्रॉबेरीची पेस्ट जेवणानंतरची स्वीट डिश समजतात.

शरयूकाकू
निशिगंधा, तुझ्या सासूबाईंचं अगदीच चूक नाही गं. आमच्याकडे साताऱ्याला घरची राखुंडी असायची. बदामाची टरफलं जाळून त्यात मीठ, तुरटी, थोडा कापूर. शेतावर गेलो की बाभळीची नाहीतर कडुलिंबाची काडी. माझे दात आज सत्तरीतही शाबूत आहेत. दुधाचे दात तसेही पडणारच, त्यांच्यासाठी एवढा खर्च आणि काळजी कशाला?

दातांची_डॉक्टर
मी मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, रोज हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकूंच्या मुद्द्यापासून सुरुवात. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ पुढची आठ वर्षं काढणार कशी? मूल एका बाजूने चावतं, रात्री रडत उठतं, गालाला सूज येते. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. वेडेवाकडे दात घेऊन येणाऱ्या मुलांपैकी काहींची गोष्ट इथूनच सुरू झालेली असते.

राखुंडीबद्दल. काकू, तुमच्या लहानपणी घरात बिस्किटाचा पुडा किती वेळा यायचा? साखर कमी होती म्हणून दात टिकले. राखुंडी खरखरीत असते आणि दुधाच्या दातांवरचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, पातळ असतं. मुलांना राख, मीठ, कोळशाची पेस्ट यांतलं काहीही नको.

आता मूळ प्रश्न. पेस्टमधला कीड रोखणारा मुख्य घटक फ्लोराइड. प्रत्येक खाण्यानंतर जिवाणू आम्ल तयार करतात आणि दातातलं कॅल्शियम-फॉस्फेट बाहेर जातं. लाळेतून ते परत बसतं. फ्लोराइड असेल तर ते जास्त चांगलं बसतं आणि पुढच्या आम्लाला जास्त टिकतं. फेस, वास, रंग या गोष्टी मूल ब्रश तोंडात घेऊ देईल इतक्यापुरत्याच कामाच्या.

म्हणून खोक्याची मागची बाजू वाचा. भारतात पेस्टमधलं फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) जास्त असू नये आणि किती आहे ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापावं असा नियम आहे. मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते ५०० च्या आसपास असतं, ०-२ वाल्यांत बहुधा शून्य. कीड रोखण्याचा भक्कम पुरावा १००० आणि त्यावरच्या प्रमाणाचा आहे, ५०० चा तितका नाही. मी पहिला दात आल्यापासून १००० चीच सांगते. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा मटारच्या दाण्याएवढी. मात्रा पेस्टच्या नावाइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची आहे.

अभिजात७
डॉक्टरताई, आदर राखून असहमत. फ्लोराइड विषारी आहे हे तुम्हीही नाकारणार नाही. अमेरिकेत तर ट्यूबवरच लिहिलेलं असतं की सहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, जास्त गिळली तर मदत घ्या. मग ज्या मुलाला थुंकता येत नाही त्याच्या तोंडात आपण ती रोज दोनदा घालायची? आम्ही फ्लोराइड नसलेली हर्बल वापरतो. मुलगी चार वर्षांची आहे, एकही कीड नाही.

रानजाई
अभिजात, हीच भीती मलाही वाटते, आणि उत्तर कुठे धड मिळत नाही. डॉक्टर हिशेब मांडून सांगतील का?

दातांची_डॉक्टर
मांडते. भीती रास्त आहे, ती आकड्यांनीच जाईल.

१००० पीपीएम म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड. दोन वेळा घासलं आणि सगळं गिळलं तरी दिवसाला ०.२ मिलिग्रॅम. तातडीने दवाखाना गाठावा असं प्रमाण मुलाच्या वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम धरतात. १२ किलोच्या मुलासाठी ते झालं ६० मिलिग्रॅम, म्हणजे एका बैठकीत ६० ग्रॅम पेस्ट. अमेरिकेतली ती सूचना ट्यूब चोखून रिकामी करणाऱ्या मुलासाठी आहे, आणि ती योग्यच आहे. पेस्ट वरच्या फळीवर ठेवा. थोडी जास्त गिळली तर पोट दुखू शकतं, तेव्हा दूध पाजा. दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवतं. बरीच गेल्याचा संशय आला तर ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुसरा धोका फ्लोरोसिसचा. कायमच्या दातांचं एनॅमल हिरडीच्या आत तयार होत असतं, त्या काळात रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दात आल्यावर पांढरे पट्टे, आणि फारच जास्त असेल तर तपकिरी डाग दिसतात. वरच्या पुढच्या दातांसाठी पहिली तीन वर्षं नाजूक. म्हणून तर तांदळाचा दाणा. जाहिरातीत ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जी लाट दाखवतात ती लहान मुलाला कधीही नको.

अभिजात, तुमच्या मुलीचे दात चांगले आहेत याचा आनंद आहे. तुम्ही खाण्याकडे लक्ष देत असाल, घासताही नीट असाल. तरी पुढच्या तपासणीत वरच्या पुढच्या दातांचा हिरडीजवळचा भाग बघायला सांगा.

वणीकर
या धाग्यावर पाण्याचा उल्लेख नुसता येऊन गेला, म्हणून लिहायला बसलो. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्या भागात आणि शेजारच्या चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड आहे. नांदेडच्या किनवटकडेही तेच. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा प्रश्न पुस्तकातला वाटेल. आमच्याकडे शाळेच्या फोटोत तो दिसतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं ओठ मिटून हसायची. दात घासत नाहीत म्हणून मास्तर त्यांना रागवायचे, आणि ती पोरं घरी जाऊन विटेच्या भुकटीने दात खरवडायची. डाग आतूनच असतो, तो खरवडून कसा निघणार? काही गावांत तर म्हाताऱ्या माणसांची पाठ वाकलेली, गुडघे आखडलेले. ती वयाची गोष्ट नाही, पाण्याची आहे.

तेव्हा मुलांच्या पेस्टवर चर्चा करताना पहिला प्रश्न विचारा की घरात पिण्याचं पाणी कुठलं. आमच्याकडची आई पेस्टमधल्या फ्लोराइडला घाबरली तर तिला कारण आहे.

दातांची_डॉक्टर
वणीकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वरचाच हिशेब पुढे नेते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. समजा बोअरच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम आहे आणि मूल दिवसाला एक लिटर पितं. पाण्यातून ३ मिलिग्रॅम, पेस्टमधून ०.२. अशा ठिकाणी नुसती पेस्ट बदलून काहीच साधत नाही, आधी पाणी बदलायला हवं. पेस्ट कुठली द्यायची ते पाण्याचा अहवाल हातात घेऊन जवळच्या दंतवैद्याशी बोलून ठरवा, अशा गावात मी फोनवरून सल्ला देत नाही.

तेलंगखेडी
पाण्याबद्दल थोडी भर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो, ग्रामपंचायतीमार्फतही देता येतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. आपल्या नागपूरच्या नीरीने (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था) सत्तरच्या दशकात एक पद्धत बसवली, तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून पाणी ढवळायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. घरचा आरओ असेल तर त्यानेही बरंच फ्लोराइड निघतं.

वणीकर
आरओ आहे हो बऱ्याच गावांत. मशीन बसवतानाचा फोटो पेपरात येतो, पण फिल्टर बदलायला कोणी येत नाही. लोक परत हापशावर.

यारा_नदीकाठी
मी मेलबर्नहून. इथला सल्ला डॉक्टरताईंपेक्षा वेगळा आहे. दीड वर्षापर्यंत पेस्टच नाही, मग सहा वर्षांपर्यंत कमी फ्लोराइडची, ५०० च्या आसपासची. मी दोन्ही मुलांना तेच केलं. तेव्हा ५०० ची पेस्ट कुचकामी म्हणणं मला पटत नाही.

लीड्सकर
आणि इथे इंग्लंडमध्ये अगदी उलट! पहिल्या दातापासून किमान १०००, तीन वर्षांनंतर १३५० ते १५०० चीही चालते, म्हणजे घरातल्या मोठ्यांचीच पेस्ट. आमच्या हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे लहान मुलांसाठी घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेने तर मुलांची वेगळी पेस्ट घ्यायची गरज नाही असंच सांगितलं. आता कोणाचं खरं?

दातांची_डॉक्टर
दोघांचंही आपापल्या जागी. मेलबर्नच्या नळाच्या पाण्यात १९७७ पासून ठरवून फ्लोराइड घालतात, ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक मोठ्या शहरांत तसंच आहे. तिथे मुलाला पाण्यातून थोडं-थोडं मिळतच असतं, म्हणून पेस्टमध्ये हात आखडता. इंग्लंडमध्ये बहुतेक भागांत पाण्यात घालत नाहीत, म्हणून पेस्टवर भर. पिंपरी-चिंचवडसारख्या ठिकाणी धरणाचं पाणी, त्यात फ्लोराइड सहसा कमी, आणि आपल्याकडे नळाच्या पाण्यात ते घालण्याची पद्धत नाही. म्हणून निशिगंधाला मी १००० सांगते. आणि कुचकामी मी म्हटलेलं नाही, पुरावा कमी आहे म्हटलं. ५०० ची मनापासून रोज दोनदा लावणारं घर, १००० ची आठवड्यातून तीनदा लावणाऱ्या घरापेक्षा मला चालेल.

पाणकळा
थांबा थांबा, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय की ट्यूबच्या शेपटीवरची पट्टी हिरवी तर नैसर्गिक, काळी तर निव्वळ रसायन. आमच्या हिने घरातल्या सगळ्या ट्यूब उलट्या करून ठेवल्यात.

तेलंगखेडी
पाणकळा, वहिनींना सांगा ट्यूब सरळ करा. ती पट्टी कारखान्यातल्या मशीनसाठी असते. सेन्सर ती खूण बघतो आणि ट्यूब कुठे कापायची, कुठे बंद करायची ते मशीनला कळतं. आत काय आहे याच्याशी तिचा संबंध नाही.

मुक्ता_जो
शाकाहारी आहे का ते मात्र ठिपक्यावरून कळतं. २०१४ पासून पेस्ट, साबण, शांपू यांच्यावरही हिरवा किंवा तांबडा-तपकिरी ठिपका असतो. आमच्या जैन घरात आधी तो बघतात, मग पीपीएम.

रानजाई
पीपीएम समजलं, दाणा समजला. पण मुळात तोंड उघडेल तर ना! आमचं पोर ब्रश दिसला की ओठ शिवून बसतं. मिंटची पेस्ट 'तिखट तिखट' म्हणून थुंकून टाकतं.

सोनटक्का
रानजाई, आमच्याकडे जे चाललं ते सांगते. मुलाला समोर उभं करून घासायचं नाहीच. जमिनीवर मांडी घालून बसायचं, त्याचं डोकं आपल्या मांडीवर, पाय पलीकडे, चेहरा वर. असं केलं की वरच्या दाढा स्वच्छ दिसतात, नाहीतर आपण अंदाजाने ब्रश फिरवत असतो. डाव्या हाताचं बोट गालाच्या आतून घालून गाल बाहेर ओढायचा, त्या जागेतून ब्रश शेवटच्या दाढेपर्यंत जातो. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका टेकवून लहान लहान गोल. दाण्याएवढी पेस्ट ब्रशच्या केसांत बोटाने दाबून टाकायची, नाहीतर पहिल्याच दाताला पुसली जाते आणि बाकीचे कोरडे राहतात. ब्रश ओला करायचा नाही.

तिखटाचं म्हणशील तर मिंट नसलेली, हलक्या फळाच्या वासाची घे. फार गोड मात्र नको, नाहीतर पाणकळांच्या घरासारखी स्वीट डिश होईल. कमी फेसाची मिळाली तर आणखी बरं, फेसाने मुलं घाबरतात आणि आपल्यालाही आत काही दिसत नाही.

दातांची_डॉक्टर
सोनटक्का, इतकं नेमकं तर मीही सांगत नाही! एकच जोड. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत शेवटचा हात मोठ्यांचाच हवा. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येते तेव्हा ब्रशही नीट फिरवता येतो, असा आमचा ढोबळ अंदाज असतो.

शरयूकाकू
अगं, दोन्ही वेळेला? सकाळी घासणं समजू शकते. रात्री पेंगुळलेल्या पोराला उठवून दात घासायचे म्हणजे अतिच होतंय.

दातांची_डॉक्टर
काकू, एकच वेळ जमणार असेल तर मी रात्रीची निवडेन. झोपेत लाळ फार कमी होते, आणि लाळ हाच दातांचा मुख्य बचाव. दूधबिस्किट खाऊन झोपलेल्या मुलाच्या दातांवर ते रात्रभर तसंच राहतं. दूध झोपायच्या अर्धा तास आधी, मग ब्रश, मग फक्त पाणी. पेंगायच्या आधी, गोष्ट सांगायच्या वेळेला घासून टाका म्हणजे उठवायला नको.

वैनगंगा
बाटलीबद्दल मला लिहायचंच होतं. माझ्या भावाचा मुलगा, तीन वर्षांचा. रात्री दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय झोपत नसे. वरचे पुढचे चारही दात हिरडीपासून तपकिरी होऊन तुटत गेले. खालचे मात्र चांगले. शेवटी भूल देऊन उपचार करावे लागले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर वहिनी ज्या अवस्थेत बसली होती ते बघवत नव्हतं. कोणत्याही आईला यात दोष देऊ नका, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. लसीकरणाला इतक्या वेळा नेतो आपण मुलांना, तेव्हा कोणी एकदा तरी ओठ वर करून बघायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

दातांची_डॉक्टर
अगदी हेच. खालच्या दातांवर झोपेत जीभ येते म्हणून ते वाचतात. सगळ्या पालकांनी महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा वरचा ओठ उचलून बघावं. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी, चमक नसलेली रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी. त्या टप्प्यावर फ्लोराइडची पेस्ट, दवाखान्यात लावायचं फ्लोराइड वॉर्निश आणि खाण्यातला बदल यांनी ती थांबवता येते. खड्डा पडल्यावर नाही.

कुडाळकर
अवांतर होईल, पण राखुंडीचा विषय निघाला म्हणून. काही घरांत अजून मिश्री भाजतात. आई-आजी लावतात, आणि 'दात दुखतोय' म्हणून पोराच्या हिरडीलाही बोटाने चोळतात. ती तंबाखू आहे. थोडा वेळ बधिर होतं म्हणून बरं वाटतं. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी केली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? पेस्ट १००० ची की ५०० ची हे नंतर बघू, आधी हे थांबू दे.

शरयूकाकू
कुडाळकर, याला माझं शंभर टक्के अनुमोदन. माझ्या धाकट्या जावेची मिश्री मी भांडून सोडवली.

ओसाकावासी
फ्लोराइड नकोच असणाऱ्यांसाठी एक माहिती. इथे जपानमध्ये हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटची पेस्ट बरीच वापरतात. दात ज्या खनिजाचा बनलेला असतो तेच बारीक कणांच्या रूपात. १९९३ मध्ये इथल्या सरकारने कीडविरोधी घटक म्हणून त्याला मान्यता दिली. गिळली तरी फ्लोरोसिसचा प्रश्न नाही. अभिजात यांना उपयोग होईल.

अभिजात७
धन्यवाद, शोधतो. डॉक्टरताईंचा हिशेब बायकोला वाचून दाखवला. ०.२ आणि ६० मधलं अंतर बघून ती म्हणाली, मग आपण इतके दिवस नक्की कशाला घाबरत होतो? मी अजून पूर्ण तयार नाही, पण पुढच्या आठवड्यात मुलीला तपासून आणतो.

दातांची_डॉक्टर
जरूर आणा. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटवरचे अभ्यास आशादायक आहेत, पण फ्लोराइडमागे कित्येक दशकांचा अनुभव आहे. ज्या घराला फ्लोराइड अजिबात नको त्यांना साध्या हर्बलपेक्षा मी ही सुचवेन.

निशिगंधा_त
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल दुकानात उभं राहून प्रत्येक खोक्याची मागची बाजू वाचली. चष्मा लावूनही बारीक अक्षरं, पण पीपीएम बहुतेकांवर सापडलं. मिंट नसलेली, ९०० च्या वरची एक मिळाली, ती घेतली. सोनटक्कांच्या पद्धतीने मांडीवर घेऊन घासलं, तेव्हा पहिल्यांदाच तिच्या वरच्या दाढा नीट दिसल्या. सासूबाईंनाही दाणा दाखवला. "एवढीशीच होय?" म्हणाल्या, आणि आता सकाळची पाळी त्यांनी घेतली आहे.

एकच शंका. शेवटी चूळ भरायला शिकवायचं का? पाणी दिलं की पिऊनच टाकते.

दातांची_डॉक्टर
चूळ नको. दाण्याएवढ्या पेस्टला फेस तो किती, ओल्या फडक्याने ओठ पुसा आणि झोपवा. मोठी झाली की थुंकायला शिकवा, पण त्यानंतरही पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. दातांवर राहिलेलं फ्लोराइड रात्रभर काम करतं. हे मोठ्यांनाही लागू आहे.

मुक्ता_जो
धाग्यावर आलेच आहे तर विचारते. मुलगा सहा वर्षांचा, एकही दात पडलेला नाही, पण अगदी मागे एक नवी मोठी दाढ हिरडीतून वर येतेय. दुधाचीच ना ती?

दातांची_डॉक्टर
नाही, ती पहिली कायमची दाढ. कुठलाही दात न पडता सगळ्यात मागे येते, म्हणून निम्म्या घरांना कळतच नाही. शेजारच्या दाढांइतकी उंच व्हायला तिला काही महिने लागतात, तोवर ब्रश तिच्यापर्यंत पोहोचत नाही. गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून ती एकटी वेगळी घासा, सकाळ-रात्र. पूर्ण वर आली की दंतवैद्याला दाखवून तिच्या खाचांवर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, बसवता येईल का ते विचारा.

मुक्ता_जो
आज रात्रीच टॉर्च घेऊन बघते.

पाणकळा
आमचेही चिरंजीव येत्या श्रावणात सहाचे होतील. सोनटक्का, ते मांडीवर डोकं घ्यायचं सहा वर्षांच्या धिप्पाड मुलाला जमतं का?

सोनटक्का
जमतं. पलंगाच्या कडेला आडवं झोपवा, तुम्ही डोक्याशी बसा.